हॅनफोर्डची भरपाई

९ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी नागासाकीतील उराकामीच्या ख्रिस्तमंदिरात पापनिवेदनाचा संस्कार चालू होता. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण सहा दिवसांवर आला होता. ११ वाजून २ मिनिटांनी, तेथून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर अणुबॉम्ब फुटला. पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आणि आपल्या पाळीची वाट पाहणारे भाविक, त्या मंदिरातील कोणीही वाचले नाही. त्या धर्मग्रामातील सुमारे १२ हजार श्रद्धावंतांपैकी साडेआठ हजार मृत्यू पावले. धर्मगुरूंवाचून दोनशेहून अधिक वर्षे छळ सोसत, गुप्तपणे श्रद्धा जपणाऱ्यांचे हे वंशज होते.

ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. त्या बॉम्बच्या पोटातील सहा किलो प्लुटोनियम जेथे तयार झाले, त्या गावाची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी हॅनफोर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही फळबागायतदारांची दोन छोटी गावे होती. १९४३ च्या आरंभी सरकारने तेथील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमीन ताब्यात घेतली. कित्येक कुटुंबांना घरदार सोडण्यास महिनाभराचीच मुदत मिळाली. कारण कोणालाच सांगण्यात आले नाही. वानापम आदिवासींच्या मासेमारीच्या जागा आणि पूर्वजांच्या दफनभूमी कुंपणाआड गेल्या. मग ४५ हजारांवर कामगार आले आणि सप्टेंबर १९४४ मध्ये पहिली मोठी अणुभट्टी चालू झाली. बांधकामाला जेमतेम वर्ष लागले होते. पैशाला त्या काळी तोटा नव्हता. संपूर्ण अणुबॉम्ब प्रकल्पावर सुमारे २०० कोटी डॉलर खर्च झाले. १९६३ पर्यंत नदीकाठी नऊ भट्ट्या उभ्या होत्या.

टनभर युरेनियम आम्लात विरघळवावे तेव्हा कोठे पाव किलोच्या आसपास प्लुटोनियम हाती लागे. उरलेला विषारी, किरणोत्सर्गी द्रव जमिनीखालच्या पोलादी टाक्यांत साठविला गेला. अशा १७७ टाक्या आहेत. त्यांतील १४९ टाक्या एकपदरी असून वीस-पंचवीस वर्षे टिकाव्यात एवढ्याच बेताने बांधलेल्या होत्या. पुढचे पुढे पाहू, असा तो हिशेब होता! त्यांपैकी ६७ टाक्या गळल्याचे मानले जाते, आणि कोलंबियाचे पात्र तेथून फार दूर नाही.

हवेतूनही विष पसरले. पहिल्या वर्षांत धुराड्यांतून किरणोत्सर्गी आयोडीन बाहेर पडत होते. डिसेंबर १९४९ मध्ये तर एका प्रयोगासाठी ते जाणूनबुजून सोडण्यात आले. ते गवतावर बसे, गाई ते गवत खात, आणि दुधावाटे ते लेकरांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठे. शेजारच्या शेतकरी मातांनी आपल्या मुलांना दूध विश्वासाने पाजले होते. सरकारने त्याविषयीचे १९ हजार पृष्ठांचे दप्तर उघडले ते १९८६ साली, लोकांचा आणि वृत्तपत्रांचा रेटा वाढल्यावर. आमच्या मते हॅनफोर्डच्या इतिहासातील सर्वांत काळा भाग हे मौनच आहे. युद्ध तर १९४५ मध्येच संपले होते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला शिकविले होते की चोरी कबूल केली तरी चोरलेली वस्तू परत करावी लागते. सरकारच्या बाबतीत ही परतफेड कशी व्हावी, याचा लेखी करार १५ मे १९८९ रोजी झाला. केंद्राचे ऊर्जा खाते, पर्यावरण संरक्षण संस्था आणि वॉशिंग्टन राज्य असे तीन पक्ष त्यात होते. हॅनफोर्डची स्वच्छता तीस वर्षांत पुरी करावयाची होती. परंतु करारावर सही करणे वेगळे आणि त्यासाठी दरवर्षी पैसा मंजूर होणे वेगळे. अमेरिकन संसद हा निधी वर्षावर्षाने देते. तो कमी पडला किंवा काम रेंगाळले की मुदती पुढे ढकलल्या जातात. २००८ मध्ये राज्याला केंद्राविरुद्ध न्यायालयात जावे लागले.

अलीकडच्या वर्षांत एकट्या हॅनफोर्डवर वर्षाला सुमारे अडीचशे ते तीनशे कोटी डॉलर खर्च होतात. डॉलरचे मोल घसरले आहे हे खरे; तरीही वर्षाची ही रक्कम आकड्याने मूळ प्रकल्पाच्या एकूण खर्चाहून मोठी आहे. २०१९ च्या सरकारी अंदाजात उरलेल्या कामाचा खर्च ३२,३०० कोटी ते ६७,७०० कोटी डॉलर धरला होता.

हे काम होऊच शकत नाही, असे मात्र नाही. कोलोरॅडो राज्यातील रॉकी फ्लॅट्स येथे अणुबॉम्बचे प्लुटोनियमचे गाभे बनत. तेथील सफाईला ६५ वर्षे आणि ३,७०० कोटी डॉलर लागतील असा १९९५ चा अंदाज होता. ती २००५ मध्येच, सुमारे ७०० कोटी डॉलरांत आटोपली. जमिनीच्या पोटातील सगळेच काही तेथे उपसलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ, यावर खर्चाचा आकडा ठरतो. हॅनफोर्डच्या टाक्यांना तसा जवळचा मार्ग नाही. त्यांतील द्रव काचेत वितळवून घट्ट करावा लागतो, आणि त्या कारखान्याचे बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले.

उराकामीच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली, दुसरी फुटली होती. तिचा मनोरा ऐंशी वर्षे रिकामा राहिला. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा पाठविली. अमेरिकन आदिवासी संत कातेरी तेकाक्विथा यांचे नाव तिला दिले आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ११ वाजून २ मिनिटांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, हॅनफोर्डच्या कारखान्यात टाक्यांतील कचऱ्याची काच बनू लागली. ती कमी तीव्रतेच्या अंशाची आहे. अतितीव्र अंशासाठीचा विभाग अद्याप पुरा व्हायचा आहे, आणि जमिनीखाली सुमारे २१ कोटी लिटर कचरा आहे.