उदारमतवाद आणि परंपरावाद : बीदर–कलबुर्गी सीमाभाग

राज्यसत्ता, धर्म, जात, मालमत्ता आणि भाषा यांकडे पाहण्याच्या दोन विरोधी राजकीय दृष्टी. उदारमतवाद व्यक्तीला मूळ घटक मानतो, जन्माने आलेल्या बंधनापेक्षा तिच्या निवडीला जास्त वजन देतो, सत्तेला कायद्याचा लगाम घालतो आणि अन्यायाची रूढी कायद्याने मोडता येते असे धरून चालतो. परंपरावाद म्हणतो की कुटुंब, जात, मठ, गाव या संस्था पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून उभ्या राहिल्या आहेत. त्यांत हात घालायचा तर बेताने घालावा. युरोपात पहिल्या बाजूला जॉन लॉक आणि जॉन स्टुअर्ट मिल यांची, तर दुसऱ्या बाजूला फ्रेंच राज्यक्रांतीवर 1790 मध्ये टीका करणाऱ्या एडमंड बर्क यांची नावे घेतात. मराठी वाचकाला आगरकरांचा ‘सुधारक’ आणि 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी केलेला विरोध आठवेल. बीदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) या जिल्ह्यांत मात्र हा वाद बाराव्या शतकापासून चालू आहे. त्याचे एक वैशिष्ट्य सुरुवातीलाच नोंदवले पाहिजे. येथील जवळजवळ प्रत्येक गट जेथे दुबळा असतो तेथे उदारमताची भाषा बोलतो, आणि जेथे बळकट असतो तेथे परंपरेची.

मिताक्षरा : कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. सहावा विक्रमादित्य (कार. 1076–1126) याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मर्तूर या गावाशी त्याचे नाव जोडले जाते. वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, हा या ग्रंथाचा गाभा. बंगालात चालणाऱ्या दायभागात मुलाचा हक्क बाप वारल्यावर सुरू होतो. मिताक्षरेत बापालाही वडिलार्जित जमीन मनाला येईल तशी विकता येत नाही. परंपरावादाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद येथे कायद्याच्या रूपात उभा आहे : शेत आज कसणाऱ्याचे आहे तसे पुढे जन्मणाऱ्यांचेही आहे. त्यातले शहाणपण कोणाही समंजस माणसाने मान्य करावे. पण हा जन्मसिद्ध हक्क फक्त मुलग्यांचा होता, आणि ही त्रुटी आठशे वर्षांहून अधिक टिकली. इंग्रजी न्यायालयांनी मिताक्षरा प्रमाण मानली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेही तिची समदायाची, म्हणजे जन्मतः मिळणाऱ्या सामाईक मालकीची, चौकट ठेवली. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी 1994 मध्ये दुरुस्ती करून अविवाहित मुलींना त्या चौकटीत घेतले, 2005 मध्ये केंद्राने सर्व मुलींना घेतले, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही.

व्यवहार मात्र वेगळा आहे. बाप वारला की पहाणीवर वारसांची नावे लावायची असतात. (महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्या उताऱ्याला कर्नाटकात पहाणी म्हणतात.) त्याच सुमारास बहिणींना माहेरी बोलावतात. साडीचोळी होते, जेवणे होतात आणि दुसऱ्या दिवशी उपनिबंधकाच्या कचेरीत हक्कसोडीच्या कागदावर त्यांच्या सह्या होतात. कागद कन्नडात असतो, घरात बोलणे मराठीत चालते, आणि मजकुराचा अर्थ दोन्ही भाषांत एकच : स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता. बहीण सही करते, कारण वाटा मागितला तर माहेर तुटेल ही भीती खरी असते. भाऊ कोणत्या पक्षाला मत देतो याने या कागदात काही फरक पडत नाही. या भागात कोण उदारमतवादी आणि कोण परंपरावादी हे जाणायचे असेल, तर निवडणुकीच्या सभेपेक्षा ही कचेरी अधिक खात्रीची जागा आहे.

शरण चळवळ : विक्रमादित्याच्या निधनानंतर अर्धशतकाच्या आत त्याच शहरात बसवेश्वर उभे राहिले. कलचुरी राजा बिज्जळाच्या दरबारात ते अधिकारपदावर होते. अनुभवमंटप या त्यांच्या सभेत अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली नाना जातींचे स्त्रीपुरुष चर्चेला बसत. कष्टाने पोट भरणे आणि मिळालेले वाटून खाणे, म्हणजे कायक आणि दासोह, ही शरणांची, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांची, नीती. जन्मावरून प्रतिष्ठा ठरते हे त्यांनी नाकारले. कसोटी आली ती लग्नाच्या वेळी. चर्मकार समाजातील हरळय्या यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरस यांच्या मुलीशी झाला. राजसत्तेने दोन्ही बापांना क्रूर देहान्त शिक्षा दिली. त्यानंतरच्या गदारोळात बिज्जळाचा खून झाला आणि शरण देशोधडीला लागले, असे परंपरा सांगते. तपशील पुढच्या काळातील ग्रंथांतून आला आहे, पण वादाचा मुद्दा त्यात बरोबर पकडला आहे. एका ताटात जेवणे राज्यकर्त्यांनी खपवून घेतले; रोटीच्या पुढे बेटीपर्यंत गोष्ट गेली तेव्हा त्यांनी हत्यार काढले. आजही या सीमाभागात, सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, समतेची भाषणे बिनधोक होतात आणि आंतरजातीय लग्न केलेल्या मुलामुलींना गाव सोडावे लागते.

गाणगापूर : अफजलपूर तालुक्यातील हे दत्तक्षेत्र महाराष्ट्रातील भाविकांचे मोठे श्रद्धास्थान आहे. येथे राहिलेल्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधरांचा ‘गुरुचरित्र’ हा मराठी ग्रंथ परंपरावादाचे मन समजून घेण्यासाठी वाचावा. त्यातील एका प्रसंगात दोन गर्विष्ठ वेदपंडितांची जिरवण्यासाठी गुरू एका अंत्यज माणसाला जमिनीवर आखलेल्या सात रेषा ओलांडायला लावतात आणि तो वेद बोलू लागतो. पंडित नमतात. पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. तो माणूस आता आपल्याला ब्राह्मणांत घ्यावे अशी विनंती करतो, पण त्याच्या अंगावरची विभूती धुऊन टाकली जाते आणि तो पूर्वीच्याच जातीत, बायकामुलांकडे परत जातो. गुरूची कृपा कोणावरही होऊ शकते, पण समाजाची रचना त्यामुळे बदलत नाही. करुणा आणि रचना यांची अशी फारकत करणे हे भारतीय परंपरावादाचे लक्षण आहे. कल्याणच्या शरणांनी नेमके तेच नाकारले होते. याच ग्रंथात बीदरचा मुसलमान राजा मांडीवरच्या फोडाने जर्जर होऊन गुरूंकडे येतो आणि बरा होतो. म्हणजे धर्माची भिंत येथे जातीच्या भिंतीपेक्षा ठेंगणी ठरते.

धर्मांमधील अशा मोकळ्या ये-जा करण्याला या भागात जुनी वाट आहे. कलबुर्गीचा ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा आणि हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी (1817–65) चालवलेला सकलमत संप्रदाय ही तिची मोठी ठिकाणे. तुकारामांच्या गुरुपरंपरेतील राघवचैतन्यांचे स्थान आळंदच्या लाडले मशायख दर्ग्याच्या आवारात आहे. 2022 पासून तेथील शिवरात्रीच्या पूजेवरून तंटे झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. जे कित्येक पिढ्या सामोपचाराने चालले ते बंदोबस्तात करावे लागणे, हा परंपरेचाच पराभव आहे. परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

निजामी काळ : हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे सभेसाठी आधी परवानगी लागे; त्यासाठीच्या ‘गश्ती निशाण 53’ या हुकमाची आठवण मराठवाड्यात अजून निघते. अशा राज्यात भाषणस्वातंत्र्य, स्वभाषेत शिक्षण आणि जबाबदार राज्यपद्धती या मागण्या करणारा प्रत्येक जण आपोआप उदारमतवाद्यांच्या रांगेत जाऊन बसला. कलबुर्गीत वकिली करून पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले केशवराव कोरटकर या सनदशीर पिढीचे प्रतिनिधी. आर्य समाजाने जातिभेद आणि मूर्तिपूजा यांवर कडक हल्ला केला, त्याच वेळी शुद्धीची आक्रमक चळवळही चालवली. उदगीरचे भाई श्यामलाल 1938 मध्ये बीदरच्या तुरुंगात वारले. हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल असे गट पडले. जहालांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ 1952 मध्ये कलबुर्गीतूनच पहिल्या लोकसभेवर गेले. दलित नेते बी. श्यामसुंदर यांनी उलटी वाट धरली. सवर्ण हिंदूंच्या बहुमतापेक्षा मुसलमानांशी युती बरी, असे मानून 1948 मध्ये ते निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांकडे गेले, आणि 1968 मध्ये त्यांनी कलबुर्गीत भीमसेना काढली. अनियंत्रित राजाची बाजू घेणारा हा माणूस समतेच्या प्रश्नावर काँग्रेसच्या बहुतेक पुढाऱ्यांच्या पुढे होता.

1948 ची आठवण आजच्या राजकारणात दोन तुकड्यांत वाटली गेली आहे. मे महिन्यात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात कत्तल केली. तेथे आता स्मारक आहे. सप्टेंबरमध्ये भारत सरकारने संस्थानावर केलेल्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांचे जे हत्याकांड झाले त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले. तो अहवाल सरकारने कित्येक दशके दडपून ठेवला. एक बाजू मे सांगते, दुसरी सप्टेंबर. दोन्ही सांगणारे फार थोडे आहेत, आणि या प्रश्नावर उदारमतवादी हे नाव त्यांनाच शोभते.

आजचे पक्ष : काँग्रेस म्हणजे उदारमतवाद आणि भारतीय जनता पक्ष म्हणजे परंपरावाद हे समीकरण येथे फार दूर नेता येत नाही. बीदरचे ज्येष्ठ दलित खासदार रामचंद्र वीरप्पा 1962 आणि 1967 मध्ये काँग्रेसतर्फे आणि 1991 पासून भाजपतर्फे निवडून आले. भालकी तालुक्यातील वरवट्टी येथे जन्मलेले मल्लिकार्जुन खर्गे काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, पण दोन्ही पक्षांत उमेदवारी घराण्यांतच फिरत राहते. बसवेश्वरांना मानणारा लिंगायत पंथ हा स्वतंत्र धर्म मानावा या मागणीचा पहिला प्रचंड मेळावा 19 जुलै 2017 रोजी बीदरमध्ये भरला. भालकीचा हिरेमठ या मागणीच्या बाजूने होता. वीरशैव आणि लिंगायत एकच, असे मानणाऱ्या अखिल भारतीय वीरशैव महासभेचे अध्यक्षपद पूर्वी अनेक वर्षे भालकीच्याच भीमण्णा खंड्रे यांच्याकडे होते. मन्मथस्वामींचे ‘परमरहस्य’ वाचणाऱ्या लातूर–उदगीरच्या मराठी लिंगायतांतही ही फूट पोहोचली. कर्नाटक सरकारने 2018 मध्ये या मागणीची शिफारस केली. केंद्राने ती मानली नाही.

शेतजमिनीच्या प्रश्नावर तर बाजू उलटतात. मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळातील 1974 च्या सुधारणेने कुळांना जमीन मिळाली, म्हणजे राज्याने मालकीत हात घातला. 2020 मध्ये भाजप सरकारने बिगरशेतकऱ्यांना शेती खरेदीची मुभा दिली. अर्थकारणाच्या भाषेत हे उदारीकरण, आणि ते संस्कृतीच्या बाबतीत परंपरावादी असलेल्या पक्षाने केले. भाषणस्वातंत्र्याबाबत मात्र तेच सरकार असताना, त्याच वर्षी, नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावरील शाळकरी मुलांच्या एका नाटकावरून बीदरमध्ये राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तो रद्द केला.

भाषा : निजामी अमलात उर्दूचा जोर असताना भालकीच्या मठात डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवले. स्वभाषेसाठी सत्तेला दिलेली ही हुलकावणी उदारमताचा उत्तम नमुना आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला : उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. त्या दिवशी कन्नड भाषक बहुमतात आले आणि भालकी–औरादचे मराठी भाषक अल्पमतात गेले. पुढे युक्तिवादाची भाषाही बदलली : काल ज्यांना शाळा मागावी लागत होती ते आता दुकानांच्या पाटीवर किती टक्के कन्नड असावे हे ठरवू लागले. 2024 मध्ये कर्नाटकात हे प्रमाण 60 टक्के झाले. महाराष्ट्राचे वागणेही निराळे नाही. 27 डिसेंबर 2022 च्या विधिमंडळ ठरावात बीदर, भालकीसह 865 गावांवर हक्क सांगताना मराठी भाषकांची गळचेपी हा आधार घेतला गेला. अक्कलकोट आणि जतच्या कन्नड शाळांत शिक्षक किती आहेत, हा प्रश्न त्या ठरावात नव्हता.

घटनेचा अनुच्छेद 350 क प्रत्येक राज्यावर अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या पुरेशा सोयी करण्यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकतो. सीमावादाचा महाराष्ट्राने 2004 मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. तो निकाली निघेपर्यंत या अनुच्छेदाची अंमलबजावणी थांबवण्याचे काहीही कारण नाही. भालकीत मराठी शाळा मागणाऱ्या प्रत्येकाने अक्कलकोटात कन्नड शाळा मागितली पाहिजे, आणि बंगळुरूच्या सरकारनेही हाच हिशेब उलट बाजूने मांडला पाहिजे.