मॅक्रो कोणाचा? व्हिज्युअल बेसिकची गोष्ट

तुमच्यापैकी ज्यांनी ऑफिसात एक्सेल वापरलंय, त्यांनी ती पिवळी पट्टी नक्की पाहिली असेल. वर येते, सांगते की या फाइलमधले मॅक्रो बंद ठेवलेत, आणि शेजारी 'एनेबल कंटेंट'चं बटण असतं. आपण काय करतो? न वाचता दाबतो. आजचा भाग त्या पट्टीच्या मागे काय काय घडलंय त्यावर आहे.

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. १ मे १९६४, पहाटे चारची वेळ, अमेरिकेतलं डार्टमथ कॉलेज. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक. त्यांनी तयार केलेल्या बेसिक या भाषेतले पहिले प्रोग्रॅम त्या पहाटे चालले. त्यांचं म्हणणं साधं होतं: इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्या पोरांनाही कॉम्प्युटर वापरता आला पाहिजे. तेव्हा हे म्हणणं वेडेपणाचंच वाटत असणार, कारण कॉम्प्युटर म्हणजे बंद खोलीतलं भलंमोठं यंत्र.

आता अकरा वर्षं पुढे. मार्च १९७५, कॅलिफोर्नियातलं मेन्लो पार्क, एका माणसाचं गॅरेज. तिथे होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली सभा भरली. आज आपण ज्याला मीटअप म्हणतो ना, त्याचे हे आजोबा. ऑल्टेअर नावाचा घरी जोडायचा कॉम्प्युटर नुकताच बाजारात आला होता आणि त्याच्यासाठी बेसिक लिहिलं होतं बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोन तरुणांनी. त्याच वर्षी पालो आल्टोच्या एका हॉटेलात ऑल्टेअरचं प्रदर्शन होतं. तिथून या बेसिकची कागदी पट्टी, म्हणजे भोकं पाडलेली टेप, कोणीतरी गुपचूप उचलली. क्लबमध्ये तिच्या भराभर कॉपी निघाल्या. अट एकच: एक टेप घेऊन जा, पुढच्या वेळी दोन कॉपी करून आण!

गेट्स तेव्हा वीस वर्षांचा. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याने एक खरमरीत खुलं पत्र लिहिलं. ऑल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय, बाकीचे सरळ चोरी करताहेत, असं त्याने त्यात सुनावलं. वाद होता 'हे कोणाचं?' याच प्रश्नावर. कंपनीची वस्तू लोक फुकट नेत होते. हे लक्षात ठेवा, कारण तीसेक वर्षांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने येणार आहे.

मधल्या काळात विंडोज आलं, पण विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे शिक्षा होती. पडद्यावर नुसती 'हॅलो' म्हणणारी खिडकी उघडायला सी भाषेत पाऊणशेच्या आसपास ओळी लागायच्या. १९८८ मध्ये अ‍ॅलन कूपर नावाच्या प्रोग्रॅमरने गेट्सला एक नमुना दाखवला: पडद्यावर तुकडे ओढा, सोडा, एकमेकांना जोडा. मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला, त्याला बेसिकची जोड दिली आणि मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. बटण हवंय? माउसने ओढा. त्यावर डबल क्लिक करा, दोन ओळी लिहा, झालं. शिवाय बाहेरच्या छोट्या कंपन्या तक्ते, कॅलेंडर, आलेख असे सुटे भाग बनवून विकू लागल्या. आजच्या प्लगिनच्या धंद्याची ही एक जुनी पेठ म्हणा.

मग १९९३ मध्ये हीच भाषा एक्सेलच्या पोटात शिरली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वळण हे आहे. कारण आता 'रेकॉर्ड'चं बटण दाबून तुम्ही जे काही कराल, त्याचा प्रोग्रॅम एक्सेल स्वतः लिहून द्यायचं. दर महिन्याला पगारपत्रकाचे तेच रकाने रंगवणारा हिशेबनीस तो प्रोग्रॅम उघडायचा, एखादी ओळ बदलायचा आणि बघता बघता प्रोग्रॅमर व्हायचा. पदवी नाही, क्लास नाही. तसे क्लासही आपल्याकडे भरपूर होते म्हणा. २००० च्या आसपास पुण्या-मुंबईत क्लासच्या पाट्यांवर सी++ आणि ओरॅकलच्या शेजारी 'व्हीबी' असायचंच.

पण दार उघडलं की नको तेही आत येतं. मॅक्रो फाइलच्या आतच राहतो, त्यामुळे फाइल पाठवली की प्रोग्रॅमही जातो. १९९५ मध्ये कॉन्सेप्ट नावाचा व्हायरस वर्डच्या फाइलींमधून पसरला. नुकसान फारसं नाही, नुसतं 'हे शक्य आहे' एवढं दाखवून गेला. २६ मार्च १९९९ ला मात्र मेलिसा आला. वर्डची फाइल उघडली की तो आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. त्या पन्नास जणांकडून पुढच्या पन्नासांना. कंपन्यांचे मेल सर्व्हर कोलमडले. तुमची ती पिवळी पट्टी याच भीतीच्या वंशातली.

आणि आता तो उलटा प्रश्न. १९९८ ला व्हीबी ६ आलं आणि २००२ मध्ये त्याच्या जागी व्हीबी डॉट नेट. नाव तेच, माणूस वेगळा! पूर्णांक सोळा बिटांचा होता तो बत्तीस बिटांचा झाला, फॉर्म चालवायची पद्धत बदलली. जुना कोड नव्यात नेणारा विझार्ड दिला होता, पण तो कोडमध्ये जागोजागी 'हे तुम्हीच बघा' अशा चिठ्ठ्या सोडून मोकळा व्हायचा. चिडलेल्या लोकांनी नव्या भाषेला 'व्हिज्युअल फ्रेड' असं टोपणनाव ठेवलं. म्हणजे हे बेसिक नव्हेच, दुसराच कोणी फ्रेड आहे.

मार्च २००५ मध्ये एक अर्ज निघाला आणि त्यावर शंभराहून जास्त एमव्हीपींनी सह्या केल्या. एमव्हीपी म्हणजे कोण? मायक्रोसॉफ्टनेच गौरवलेले लोक. फुकट मीटअप घेणारे, नवख्यांच्या शंका सोडवणारे. कंपनीचे सगळ्यात जवळचे मित्रच म्हणा ना. त्यांची मागणी अशी होती की जुनं व्हीबीही नव्यासोबत पुढे चालू ठेवा, कारण आमच्या धंद्यांचा वर्षानुवर्षांचा कोड त्यात आहे. १९७६ मध्ये कंपनी लोकांना म्हणत होती, आमचा कोड घेऊ नका. आता लोक कंपनीला म्हणत होते, आमचा कोड आमच्यापासून हिरावू नका.

मायक्रोसॉफ्टने मागणी मान्य केली नाही. व्हीबी ६ मध्ये प्रोग्रॅम लिहायच्या साधनासाठीची मदत २००८ मध्ये थांबली. कंपनीची अडचणही खोटी नव्हती, जुनी भाषा इंटरनेटच्या काळासाठी बांधलेलीच नव्हती. पण विश्वास गेला तो गेला. त्या मीटअपमधले कितीतरी जण नंतर दुसऱ्या भाषांकडे वळले.

गंमत म्हणजे एक्सेलमधलं ते जुनं बेसिक मात्र मरेना. मॅकवरच्या ऑफिस २००८ मधून मॅक्रो काढून टाकले, तर २०११ च्या आवृत्तीत परत आणावे लागले. २०१३ पासून जावास्क्रिप्टमधले नवे अ‍ॅड-इन आले, तरी मॅक्रो आहेतच. २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवायचं ठरलं. जुलैमध्ये तो निर्णय थोडे दिवस मागेही घेतला आणि मग पुन्हा लागू केला. आता तशा फाइलींवर पट्टी लाल येते आणि तिच्यावर 'एनेबल'चं बटणच नसतं.

हा भाग तुम्ही बहुतेक मोबाइलवर ऐकताय. मोबाइलच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, त्यामुळे पुढचं काम ऑफिसात गेल्यावर करा. विंडोजच्या कॉम्प्युटरवर एक्सेल उघडा, ऑल्ट धरून एफ-११ दाबा. जी करड्या रंगाची खिडकी उघडेल, तिचा तोंडवळा ऑफिस ९७ पासून जवळपास तसाच आहे.