सुरतेचे सुतार आणि आपली देवालये

काही वर्षांपूर्वी एका देवालयाच्या जीर्णोद्धाराचे कागदपत्र तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. देवालयाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण जे तेथे घडले ते बहुतेक ठिकाणी घडत आले आहे. सभामंडपाच्या जुन्या सागवानी तुळया दुरुस्तीसाठी उतरविल्या, तेव्हा त्यांच्या सांध्यांत एकही खिळा आढळला नाही. खाच आणि कूस एकमेकांत अशा काही बसविल्या होत्या की, सांधे सुटे करता आले तरी पुन्हा जुळविण्याची युक्ती कोणास साधेना. अखेर ठेकेदाराने तुळयांची टोके कापली आणि लोखंडी पट्ट्या मारून काम उरकले.

आम्ही मागील दुरुस्तीचे दप्तर काढविले. त्यात देणगीदारांची नावे पै-पैशाच्या नोंदीसह होती. धर्मशाळेस कोणी चुना दिला, नंदादीपास कोणी तेल दिले, सारे होते. आणि ज्यांनी तो मंडप उभा केला त्यांच्याविषयी मात्र तीनच शब्द होते : ‘सुतारास मजुरी दिली’. कोण सुतार, कोणत्या गावचा, त्याने सांधा कसा साधला, याचा मागमूस नव्हता. वकिली व्यवसायात कागदावर जे नाही ते नाहीच, असे मानण्याची आम्हांस सवय. परंतु त्या दिवशी प्रथमच असे वाटले की, कारागिराचे नाव दप्तरात नसणे ही केवळ कृतघ्नता नव्हे. ते देवालयाचे प्रत्यक्ष नुकसान आहे. नाव ठाऊक असते, तर त्याच्या घराण्यात कोणी नातू-पणतू शोधता आला असता.

हा विचार मनात घोळत असताना सुरतेच्या सुतारांचा इतिहास आम्हांस नव्या दृष्टीने दिसू लागला. तो वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या वाचकांस सुरत ठाऊक असते ती बहुधा १६६४ आणि १६७० या दोन सालांमुळे. शिवछत्रपतींनी ज्या नगरीची संपत्ती दोनदा उचलून आणली, ती नगरी इतकी संपन्न का होती, हे मात्र आपण फारसे विचारीत नाही. तापीच्या मुखाजवळची सुरत हे मोगल साम्राज्याचे सागरी द्वार होते. मक्केचे यात्रेकरू येथूनच निघत. इंग्रजांची वखार १६१३ साली येथे स्थिर झाली, डचांचीही होती. जेथे इतका समुद्री व्यापार, तेथे जहाजे बांधणारे हात असणारच. सुरतेच्या सुतारवाड्यांतील पारशी आणि हिंदू कारागिरांनी बांधलेली जहाजे हिंदी महासागरात सर्वत्र फिरत.

अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्टाव्होरिनस नावाचा एक डच दर्यावर्दी सुरतेस आला होता. तेथील जहाजबांधणी पाहून त्याने जे नमूद केले ते मननीय आहे. युरोपात फळ्यांच्या कडा सपाट ठेवून एकीला दुसरी लावीत व मधली फट बुजवीत. सुरतेचे सुतार प्रत्येक फळीच्या कडेला खाच पाडीत, तिच्यात शेजारच्या फळीची कड बसवीत, आणि मधे कापूस घालून सांधा असा आवळीत की दोन फळ्या मिळून एकच लाकूड वाटावे.

या पद्धतीत एक मर्म आहे. सपाट कडेची फळी एकटा सुतार तासून देऊ शकतो. खाचेची फळी मात्र शेजारची फळी कशी आहे हे पाहिल्याशिवाय पुरी होत नाही. एकाचे माप चुकले की दुसऱ्याचे काम फुकट जाते. करवत ओढणारे, वाकसाने तासणारे, पटाशीने खाच काढणारे, कापूस ठासणारे, खिळे घडविणारे लोहार, या सर्वांचे काम एकमेकांच्या कामावर अवलंबून असे. मोठे बांधकाम म्हणजे पुष्कळ माणसे एके ठिकाणी राबणे नव्हे. एकाच्या हातची कसोटी दुसऱ्याच्या हातात असणे होय. सुरतेचे जहाज हे याचे उत्तम उदाहरण होते.

या सुतारांपैकी एकाचे नाव इतिहासात राहिले. लवजी नसरवानजी वाडिया (१७०२–१७७४) हे सुरतेस धनजीभाई नावाच्या जहाजबांधणी उस्तादाच्या हाताखाली मुकादम होते. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नामक अधिकारी ‘क्वीन’ नावाचे जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेस गेला. लवजींचे कसब पाहून त्याने त्यांस मुंबईस येण्याचा आग्रह केला. हाती घेतलेले जहाज पुरे होईपर्यंत धन्याचे काम सोडून जाण्यास लवजींनी नकार दिला, असे परंपरेने सांगितले जाते. कराराचे पावित्र्य कोर्टात शिकवावे लागत नाही, ते कारखान्यातही शिकता येते, हे या गोष्टीवरून ध्यानात यावे. जहाज तरंगल्यावर १७३६ साली लवजी मुंबईस आले. ते एकटे आले नाहीत. काही निवडक सुतार त्यांच्याबरोबर होते.

आमच्या मते या साऱ्या कथेचा गाभा या ‘बरोबर’ शब्दात आहे. कंपनीस जे हवे होते ते एका माणसाच्या डोक्यात मावणारे नव्हते. ते अनेकांच्या हातांत वाटलेले होते. उस्ताद एकटा आला असता तर मुंबईस केवळ कुशल माणूस मिळाला असता. सोबत हात आले म्हणून विद्या आली. पुढे १७५० साली मुंबईत पहिली कोरडी गोदी तयार झाली, आणि त्या शतकात तिच्या शेजारी आणखी गोद्या बांधल्या गेल्या.

याच्या अगदी उलट अनुभव आपल्याच इतिहासात आहे. लवजींच्या आधी पाऊणशे वर्षे, १६५९ च्या सुमारास, शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या बाजूस आरमारी जहाजे बांधावयास घेतली, तेव्हा रुय लैतांव व्हियेगस या फिरंग्याच्या हाताखाली अनेक कारागीर कामास लावले होते. ही जहाजे उद्या आपल्यावरच येतील, हे ओळखून वसईच्या फिरंगी अधिकाऱ्यांनी त्यांस फोडले, आणि ते कारागीर काम टाकून निघून गेले. महाराजांचे आरमार त्यामुळे अडले नाही. कोकणच्या खाड्यांतून ते उभे राहिलेच. परंतु राजकारण जाणणारे लोक तोफेइतकीच किंमत सुताराची करीत होते, हे त्यावरून उघड होते.

लवजींनी विद्या टिकविली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. १७७२ साली त्यांचे दोन नातू, फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी, गोदीत दाखल झाले ते आजोबांच्या गादीवर नव्हे. महिना बारा रुपयांवर साधे सुतार म्हणून. ज्याला पुढे शेकडो माणसांस हुकूम द्यावयाचा, त्याने आधी त्यांच्याच ओळीत बसून रंधा मारावा, हा तो दंडक होता. दोन वर्षांनी लवजी वारले, तेव्हा त्यांच्यामागे एक घर आणि थोडकी रक्कम एवढेच राहिले. खरा वारसा त्या बारा रुपयांच्या उमेदवारीत होता.

त्या उमेदवारीचे फळ जगाने पाहिले. जमशेटजींच्या देखरेखीखाली १८१० साली ७४ तोफांचे ‘मिंडेन’ मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरले. ब्रिटिश आरमाराचे एवढ्या दर्जाचे लढाऊ जहाज ब्रिटनबाहेर बांधले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. १८१३ सालच्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर पुढे १८४२ मध्ये चीन आणि इंग्रज यांच्यातील नानकिंगचा तह झाला. १८१७ साली उतरलेले ‘त्रिंकोमाली’ तर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. मलबारचे सागवान आणि सुरतेची परंपरा यांनी दोनशे वर्षांची खारी हवा पचविली आहे.

या ‘त्रिंकोमाली’चे काम सुरू करताना पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या कण्यात रुप्याचा खिळा ठोकण्यात आला होता. आपल्याकडे घराच्या पायात रत्ने, नाणी ठेवून पूजा करतात, त्याच जातीचा हा संस्कार. धर्म वेगळा असला तरी हाताने निर्माण केलेल्या वस्तूस प्राण आहे, ही भावना सुतारवाड्यात आणि देवळात सारखीच नांदते.

जमशेटजींविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. १८०० साली त्यांनी ‘कॉर्नवॉलिस’ नावाचेच एक आधीचे जहाज कंपनीसाठी बांधले होते. बांधतेवेळी, कोणास दिसणार नाही अशा आतल्या एका तुळईवर त्यांनी चार शब्द कोरून ठेविले : हे जहाज एका ‘काळ्या माणसा’ने बांधले. गोरे लोक ज्या तुच्छतेने हा शब्द उच्चारीत तोच त्यांनी शिवीसकट वापरला होता, असे सांगतात. कित्येक वर्षांनी जहाज दुरुस्तीस परत आले, तेव्हा त्यांनी ती अक्षरे अधिकाऱ्यांस दाखविली. कथेचा तपशील कसाही असो. ज्याचे काम दर्शनी भागावर मिरवले जाते, त्यास आपले नाव मात्र जहाजाच्या पोटात लपवून लिहावे लागते, ही वेदना तीत खरी आहे.

आणि येथेच आपण थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. जमशेटजींस निदान लपून तरी लिहिता आले. लवजींबरोबर सुरतेहून जे सुतार आले, त्यांची संख्या मोजून सांगितली जाते. नावे सांगितली जात नाहीत. आणि आपली देवालये? लवजी मुंबईस आले त्याच दशकात, १७३८ साली, कवळे येथील श्री शांतादुर्गेचे आजचे मंदिर शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत उभे राहिले. त्याची कथा सांगताना आपण नारोराम मंत्री यांचे नाव आदराने घेतो, आणि ते उचितच आहे. परंतु ज्याच्या ओळंब्याने ते शिखर सरळ राहिले त्याचे नाव घेण्याची आपली रीत नाही.

यावर आमचे काही श्रद्धाळू स्नेही म्हणतात की, कारागिराने आपले कर्म ईश्वरास अर्पण केले, त्यास नावाची हाव कशास? हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. पण तो देणगीदारांस लावून पाहावा. ज्याने द्रव्य अर्पण केले त्याचे नाव संगमरवरावर, आणि ज्याने आयुष्य अर्पण केले त्यास निरहंकाराचा उपदेश, हा न्याय नव्हे. शिवाय तो आपल्या परंपरेसही धरून नाही. आठव्या शतकात पट्टदकल येथे राणी लोकमहादेवीने बांधविलेल्या विरूपाक्ष मंदिरावर गुंड नावाच्या सूत्रधाराचे नाव आणि त्यास मिळालेल्या बहुमानाचा उल्लेख कोरलेला आहे. बेलूरच्या मंदिरातील मूर्तींखाली बळ्ळिगावेच्या दासोजाचे आणि त्याच्या पुत्राचे नाव आढळते. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील मंदिरात मल्लितम्माने आपल्या हातच्या अनेक मूर्तींवर नाव घातले आहे. देवासमोर नाव लिहिल्याने त्या मंदिरांचे पावित्र्य उणे झाले, असे कोणी म्हणणार नाही.

वकील म्हणून आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते. सही हा केवळ मान नसतो, ती हमी असते. ज्या दस्तावर सही नाही त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. ज्या सुतारास ठाऊक आहे की या सांध्याखाली आपले नाव राहणार, तो कच्चे लाकूड वापरताना दहादा विचार करील.

आजच्या सुरतेसही हे लागू आहे. तेथे २०२३ साली हिरे व्यापाऱ्यांसाठी नऊ मनोऱ्यांची, पंधरा मजल्यांची प्रचंड इमारत खुली झाली. तिचे उद्‍घाटन कोणी केले हे सर्वांस ठाऊक आहे. १९९६ साली झालेल्या बांधकाम कामगारांविषयीच्या कायद्याने कामगारांची नोंदवही ठेवण्याचे बंधन मालकांवर घातले. म्हणजे नाव लिहिणे अशक्य आहे, असे कोणास म्हणता येणार नाही. ते नोंदवहीतून भिंतीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

म्हणून देवस्थानांच्या समित्यांपुढे आम्ही एक लहानशी सूचना ठेवू इच्छितो. जीर्णोद्धार होईल तेव्हा दात्यांच्या शिळेशेजारी सुतार, पाथरवट, गवंडी, लोहार यांचीही एक शिळा बसवावी. आणि दप्तरात एक स्वतंत्र वही ठेवावी : लाकूड कोठले, चुना कसा मळला, सांधा कोणत्या रीतीने घातला, कोणी घातला, त्याचा गाव कोणता. जमल्यास सांध्याची आकृती त्याच्याच हातून काढून घ्यावी. यास खर्च नगण्य आहे, आणि पुढच्या पिढीस तिचे मोल शिळेहूनही अधिक वाटेल.

ज्या देवालयाची कथा आम्ही आरंभी सांगितली, तेथे लोखंडी पट्ट्या मारलेल्या त्या दोन तुळया अजून आहेत. दर्शनास गेलो की दृष्टी नकळत वर जाते. उरलेल्या तुळयांचे सांधे मात्र शाबूत आहेत. पुढच्या दुरुस्तीपूर्वी ते समजावून सांगणारा कोणी भेटला, तर त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, एवढीच समितीस आमची विनंती आहे.