तळटीप : तपोवन आणि पेशींचे निरोप

१. तपोवन : अमरावतीतील कुष्ठरुग्णांची वसाहत, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली वसवली. कुष्ठरोगाचा जंतू एकच, तरी एकाच्या अंगावर एखादाच बधिर चट्टा आणि दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या गाठींनी जाड, असे का? याचे उत्तर बरेचसे पांढऱ्या पेशींत आहे. या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपाने निरोप धाडतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. निरोपाचे जनुक प्रत्येक पेशीत असते, पण एरवी मिटलेले. टी-पेशी या पांढऱ्या पेशींत ‘टी-बेट’ नावाचे प्रथिन इंटरफेरॉन-गॅमा या निरोपाचे जनुक चालू करते. त्या निरोपाने भक्षक पेशी जंतू मारू लागतात आणि रोग चट्ट्यापुरता राहतो. गाठींच्या रूपात हा निरोप क्षीण, तर इंटरल्यूकिन-१० सारखे शांतवणारे निरोप प्रबळ असतात. जनुक चालू झाल्यावरही लगाम असतोच : टीएनएफ या दाहक निरोपाच्या आरएनएची, म्हणजे जनुकाच्या नकलेची, शेपटी अशी असते की ती नक्कल लवकर मोडीत निघते. थॅलिडोमाइड हे औषध ही मोड आणखी वेगाने घडवते; म्हणून तापासह उसळणाऱ्या गाठींवर ते देतात. गर्भवतीला मात्र सक्त वर्ज्य. — संपा.