तित्तर, लावा आणि चिंकारा : बारामती-इंदापूरच्या माळावर शिकारीचा हंगाम का नाही?

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर काटेवाडी लागते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती इथे मेंढ्यांचे रिंगण होते, त्यामुळे हे गाव महाराष्ट्रभर माहीत आहे. काटेवाडीच्या परिसरात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो. मात्र उत्तरेकडे शिर्सुफळ, कडबनवाडीच्या दिशेने गेले की चित्र बदलते. तिथे मुरमाड जमीन, खुरटे गवत, बोरी-बाभळी आणि मेंढ्यांचे कळप दिसतात. याच माळावर चिंकारा हरीण राहते आणि याच गवतात तित्तर, लावे आणि पखुर्ड्या असतात.

हरीण मारले तर तुरुंगात जावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. तित्तर किंवा लावा धरला तर मात्र कोणी विचारत नाही, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. हा समज चुकीचा आहे आणि तो महागात पडू शकतो.

माळावर कोण राहते?

चिंकारा हे बोलीभाषेत हरीण असले, तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते चितळ-सांबराच्या कुळातले नाही. चितळ-सांबराच्या नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. चिंकाऱ्याची शिंगे कायमची असतात आणि मादीलाही लहान शिंगे असतात. काळवीटही याच गटातले. चिंकारा पाण्याशिवाय बराच काळ राहू शकतो, कारण पाल्यातून त्याला पुरेसा ओलावा मिळतो. त्यामुळे कमी पावसाचा हा पट्टा त्याला मानवतो.

तित्तर, लावा आणि पखुर्डी हे तिन्ही पक्षी जमिनीवर अंडी घालतात. तित्तराची वीण साधारण मार्च ते सप्टेंबर चालते. झुडपाच्या बुडाशी किंवा गवताच्या थोंबाखाली मादी सहा ते आठ अंडी घालते. पखुर्डी तर उघड्या जमिनीवरच दोन-तीन अंडी घालते. पखुर्ड्यांचे थवे रोज ठरावीक वेळी पाण्यावर येतात. ही वेळ शिकाऱ्याला कळली, की त्या सहज सापडतात.

बारामती तालुक्यातील सुपे इथले मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे 5.14 चौरस किलोमीटर आहे. चिंकाऱ्याला आणि पक्ष्यांना ही हद्द कळत नाही. त्यांचा बराचसा वावर अभयारण्याबाहेर, वन विभागाच्या इतर जमिनींवर, गायरानात आणि शेतांच्या बांधांवर असतो.

पूर्वी हंगाम होता का?

होता. ब्रिटिश काळातील 1912 च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना 'बंदीचा काळ' ठरवण्याचा अधिकार दिला. ज्या प्राण्या-पक्ष्यांसाठी असा काळ ठरवता येई, त्यांच्या यादीत तित्तर, लावा, पखुर्डी, माळढोक यांच्याबरोबर हरणे, कुरंग आणि ससेही होते. विणीच्या दिवसांत शिकार बंद आणि बाकीच्या दिवसांत खुली, असा त्यामागचा विचार होता. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य प्राणी व पक्ष्यांसाठी स्वतंत्र कायदा केला.

1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातही सुरुवातीला परवान्यांची तरतूद होती. मोठ्या शिकारीसाठी एक परवाना, लहान शिकारीसाठी दुसरा आणि प्राणी सापळ्यात धरण्यासाठी आणखी वेगळा. म्हणजे हरीण आणि तित्तर यांचे नियम तेव्हा खरोखरच वेगळे होते. 1991 च्या दुरुस्तीने हे परवाने काढून टाकले. तेव्हापासून देशात संरक्षित प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीसाठी कोणताही 'खुला हंगाम' उरलेला नाही. जुन्या पिढीतील लोक तित्तराच्या शिकारीच्या ज्या आठवणी सांगतात, त्यांतल्या काही त्या काळी कायद्यात बसत असतीलही. आज मात्र ते चालत नाही.

कायद्यात 'शिकार' कशाला म्हणतात?

बंदूक चालवली तरच शिकार होते, असे नाही. प्राणी मारणे, विष घालणे, पकडणे, फासात किंवा सापळ्यात अडकवणे, त्याचा पाठलाग करणे, हाकारणे, आमिष दाखवणे हे सगळे कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. तसा नुसता प्रयत्न केला तरी तो गुन्हा ठरतो. पक्ष्यांची अंडी फोडणे किंवा उचलणे, घरट्याला त्रास देणे हेही त्यात येते. त्यामुळे माळावर मजेखातर चिंकाऱ्यामागे कुत्री सोडणे किंवा तित्तराची अंडी घरी नेऊन कोंबडीखाली उबवणे, या दोन्ही गोष्टी शिकारीच्या व्याख्येत बसतात.

शिक्षा किती?

2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. चिंकारा, लांडगा, मोर आणि माळढोक हे पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास किमान 3 वर्षे ते कमाल 7 वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड होतो. इतर संरक्षित प्राणी-पक्ष्यांच्या बाबतीत 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यात एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. शिकार अभयारण्याच्या हद्दीत झाली, तर प्राणी कोणत्या अनुसूचीतला आहे याने फरक पडत नाही. मयूरेश्वर अभयारण्यात धरलेल्या तित्तरालाही चिंकाऱ्यासारखीच 3 ते 7 वर्षांची तरतूद लागू होते.

पक्ष्याच्या फासाचा हरणाशी काय संबंध?

माळावर पायवाटा मोजक्या असतात. कुंपणातली फट, ओढ्याकडे उतरणारी वाट, पाणवठ्याची कड या जागा तित्तर वापरतो, ससा वापरतो आणि चिंकाऱ्याचे पाडसही वापरते. फास लावणाऱ्याने कोणता प्राणी मनात धरला आहे, हे फासाला कळत नाही. त्यात लांडग्याचे पिल्लू अडकू शकते, तसा धनगराच्या कळपाचा कुत्रा किंवा कोकरूही. पाणवठ्यावर विष टाकले तर त्याची व्याप्ती याहून मोठी असते, कारण मेलेले खाणारे प्राणीही मरतात.

म्हणून 'फक्त पक्ष्यांसाठी लावला होता' हा खुलासा माळावर टिकत नाही. एकाच अधिवासात लहान शिकार चालू आणि मोठी शिकार बंद, अशी विभागणी प्रत्यक्षात पाळता येत नाही.

या विषयात फासेपारधी समाजाकडे सरसकट बोट दाखवले जाते. ते अन्यायाचे आहे. फास लावणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला आणि तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. आज शिकारीचा गुन्हा कोणीही केला, तरी तो त्या व्यक्तीचा असतो, जातीचा नव्हे.

शिकार कायदेशीर असलेल्या देशांत काय करतात?

अमेरिकेत अनेक राज्यांत शरद ऋतूत पक्ष्यांचा आणि हरणांचा हंगाम एकाच वेळी चालू असतो. तिथे मुख्य धोका माणसालाच असतो. पक्ष्यांसाठी वापरले जाणारे छर्रे काहीशे मीटरांत जमिनीवर पडतात. हरणासाठी वापरलेल्या रायफलची गोळी मात्र काही किलोमीटर जाऊ शकते. त्यामुळे हरणांच्या हंगामात पक्षी-शिकाऱ्यांनीही भडक नारिंगी टोपी आणि जाकीट घालावे, असा नियम अनेक राज्यांत आहे. हरणाच्या डोळ्यांना हा रंग माणसाइतका उठून दिसत नाही. माणसाला मात्र तो झाडीत लांबूनही दिसतो. शिकारी कुत्र्यालाही नारिंगी पट्टा किंवा अंगरखा घालतात. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी या दिवसांत जंगलवाटांवर फिरायला जाताना असेच कपडे घालणे शहाणपणाचे आहे.

बारामती-इंदापूरच्या माळावर कायदेशीर शिकारीच नाही, त्यामुळे अशा कपड्यांचा प्रश्न येत नाही. तरीही बेकायदा बंदुकीचा धोका तोच असतो. सपाट, उघड्या माळावर चुकलेली गोळी अडवायला काही नसते आणि मेंढपाळ दिवसभर तिथेच असतात.

पिकाचे नुकसान झाले तर?

चिंकारा कोवळ्या पिकात शिरतो, रानडुक्कर मक्याची आणि उसाची नासधूस करते. तक्रार खरी असली, तरी दोघांचे नियम वेगळे आहेत. रानडुकरासारख्या प्राण्याने उभे पीक नष्ट केले, तर अधिकृत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतील चिंकाऱ्यासाठी पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही. शेतकऱ्याने लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज द्यावा. कुंपणात वीज सोडणे हा उपाय नाही. त्याने माणसेही मरतात.

फास किंवा शिकारी दिसला तर काय करावे?

- एकट्याने अडवायला जाऊ नये. शिकाऱ्याकडे शस्त्र असू शकते.
- जागा, वेळ आणि गाडीचा क्रमांक लक्षात ठेवावा. शक्य असल्यास लांबून फोटो काढावा.
- रिकामा फास उपटून फेकू नये. तो पुरावा असतो.
- अडकलेल्या जिवंत प्राण्याभोवती गर्दी करू नये. चिंकारा घाबरूनच दगावू शकतो.
- वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवावे.

तित्तर आणि चिंकारा पाहायचेच असतील, तर त्याचीही सोय आहे. वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. तिथे माळाची माहिती असलेले स्थानिक मार्गदर्शक असतात. पहाटे गेल्यास तित्तराची साद ऐकू येते आणि चिंकारा चरताना दिसण्याची शक्यता अधिक असते.