स्वसंमोहन : मँचेस्टरच्या एका घरातून आपल्या घरात

लढायांच्या गोष्टी सांगणारा माणूस आज संमोहनावर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. सांगतो.

निवृत्तीनंतर मला रोज पहाटे अडीचला जाग यायची. छातीत धडधड, हाताला घाम, डोक्यात नको ते विचार. दिवसा मी अगदी कडक. वेळेवर फेरफटका, इस्त्रीचे कपडे. फौजी माणसाला कसली आलीय भीती, म्हणून बायकोपासूनही लपवलं. शेवटी तिनंच ओळखलं आणि डॉक्टरांकडे नेलं. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि घरी करायला स्वसंमोहनाचा सराव शिकवला. मी बिचकलो. दुसऱ्याच्या तालावर नाचवतात ते संमोहन, एवढंच मला माहीत. म्हणून सवयीप्रमाणे आधी इतिहास वाचला.

गोष्ट पॅरिसपासून सुरू होते. डॉ. मेस्मर सांगत की शरीरात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह असतो आणि तो वळवून आपण रोग बरे करतो. १७८४ साली राजा सोळाव्या लुईनं चौकशी बसवली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए त्या समितीत होते. रुग्णांना अंधारात ठेवून प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की प्रवाह वगैरे काही नाही, परिणाम होतो तो रुग्णाच्या कल्पनेचा. मेस्मरची पत गेली. पण कल्पनेनं शरीर बदलतं, हे मात्र त्याच अहवालातून पुढे आलं.

पुढचं पाऊल मँचेस्टरला पडलं. नोव्हेंबर १८४१ मध्ये जेम्स ब्रेड हे स्कॉटिश सर्जन असाच एक जाहीर प्रयोग बघायला गेले, ते लबाडी पकडायला. पण माणसाच्या पापण्या खरोखरच उघडत नव्हत्या. मग त्यांनी स्वतःच्या घरी एका मित्राला बाटलीच्या तोंडाकडे आणि बायकोला चिनीमातीच्या साखरदाणीकडे टक लावून बघायला सांगितलं. दोघांचेही डोळे काही मिनिटांत मिटले. ना हातवारे, ना प्रवाह! १८४३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी वाताच्या दुखण्यानं हैराण झाल्यावर त्यांनी हाच उपाय स्वतःवर केला आणि नऊ मिनिटांनी वेदना थांबल्याचं नोंदवलं.

त्याच सुमारास, १८४५ मध्ये, आपल्याकडे बंगालात हुगळीला डॉ. जेम्स एस्डेल क्लोरोफॉर्म येण्याआधी रुग्णांना मेस्मरच्या पद्धतीनं गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया करत होते. तिथं मदतनीस तासन्‌तास रुग्णाच्या अंगावरून हात फिरवत. फरक बघा. हुगळीत सूत्रं दुसऱ्याच्या हाती, मँचेस्टरला स्वतःच्या.

हा धागा जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्झ यांनी पुढे नेला. संमोहनात माणसाला अंग जड आणि उबदार वाटतं. मग त्याच भावना स्वतः आणल्या तर? १९३२ मध्ये त्यांनी ही पद्धत पुस्तकरूपानं मांडली. मला डॉक्टरांनी शिकवलं ते याच घराण्यातलं.

मी खुर्चीत बसतो, डोळे मिटतो. ‘उजवा हात जड झालाय’ असं मनात सावकाश म्हणतो. मग डावा हात, मग पाय. त्यानंतर ऊब, शांत श्वास, थंड कपाळ. उठताना मुठी आवळायच्या, दीर्घ श्वास घ्यायचा, डोळे उघडायचे. दहा-पंधरा मिनिटांचं काम. गाडी चालवताना कधीही नाही. पहिले काही दिवस काहीच झालं नाही; मी हाताला चक्क हुकूम सोडत होतो! झोप जशी हुकमानं येत नाही, तसंच हे आहे. जोर सोडला तेव्हा हात जड झाला.

ही जादू नाही, औषधाला पर्यायही नाही. भास होत असतील किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर एकट्यानं प्रयोग न करता आधी डॉक्टर गाठा.

मला अजूनही कधीकधी अडीचला जाग येते. फरक इतकाच की आता मी अंधारात एकटा बसत नाही. बायकोला सांगतो, खुर्चीत बसतो आणि उजव्या हातापासून सुरुवात करतो. ऐकणाऱ्यांत माझ्यासारखा कुणी फौजी असेल, तर त्याला एकच सांगणं आहे : गड्या, आधी घरी सांग.

जय हिंद.