जुन्या पद्मिनीचे सस्पेन्शन बुश बदलताय? मग पॅकबंद 'ओरिजिनल' माल आधी वाकवून बघा

आमच्या घरी नागपुरात कव्हरखाली झाकलेली एक प्रीमियर पद्मिनी आहे. बाबा दर रविवारी ती स्टार्ट करतात, एक चक्कर मारून आणतात आणि परत झाकून ठेवतात. मागे एकदा स्पीडब्रेकरवर पुढून 'खटक' असा आवाज यायला लागला. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि दोन शब्दांत निकाल दिला, "काका, बुश गेले."

बुश बदलले. आवाज गेला. सहा महिन्यांत परत आला.

तेव्हा कळलं की पार्ट छोटा असला तरी विषय छोटा नाही. कोणता बुश घ्यायचा, कुठला घ्यायचा नाही आणि बसवताना काय बघायचं, हे माहीत नसेल तर पैसे दोनदा जातात. आमचे गेले.

तर आधी बुश म्हणजे काय ते बघू.

सस्पेन्शनचा आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये रबर असतं. आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी नळी आणि दोघींच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. चाक वर-खाली झालं की आर्म थोडासा फिरतो. इथे नळी घसरत नाही, तर मधलं रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बुश गेला की फक्त आवाज येतो असं नाही. ब्रेक मारल्यावर चाक मागे ढकललं जातं, ढिल्या बुशमुळे आर्म जागेवरून सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट करूनही टायर एकाच बाजूने खात असेल, तर अलाइनमेंटवाल्याशी भांडण्याआधी बुश तपासा. नागपुरात तर सिमेंट रोडवरून जुन्या गल्लीत वळताना मध्ये जी पायरी लागते, तिथे खराब बुश लगेच बोलतात.

आता गाडीनुसार फरक पडतो. पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी बाहेर पडू लागली. १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. पुढे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. म्हणजे पुढच्या आर्मचे बुश वेगळे, मागच्या पाट्यांचे आणि शॅकलचे वेगळे, शॉकअपचे आणखी वेगळे. अ‍ॅम्बेसेडरमध्येही मागे पाटेच आहेत, पण पुढे कॉइल स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा लोखंडी दांडा. त्यामुळे 'जुन्या गाडीचे बुश द्या' असं सांगून दुकानात काही मिळत नाही.

एक घोळ इथेच होतो. पद्मिनीच्या किंगपिनलाही बुश असतात, पण ते धातूचे. त्यांना ग्रीस लागतंच. रबरी बुशला मात्र साधं ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही. नैसर्गिक रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. इंजिनचं ऑइल गळून बुशवर पडत असेल तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर नवा बुशही टिकणार नाही.

मग रबर घ्यायचं की पीयू?

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. लाल, पिवळे, निळे, दिसायला भारी. इन्स्टाग्रामवर गाड्यांचे रील्स बघणाऱ्यांना हे माहीत असतातच. रबराचा कडकपणा साधारण ५५ ते ७० शोअर ए असतो, पीयूचा बऱ्याचदा ८० ते ९५. पीयू ऑइलला दाद देत नाही, लवकर झिजत नाही आणि स्टिअरिंग जरा नेमकं वाटतं.

पण पीयू पिळला जात नाही, तो नळीभोवती फिरतो. त्यासाठी सिलिकॉन ग्रीस लागतं, ते सुकलं की कुईकुई सुरू. आणि रस्त्याचा जो धक्का रबर गिळायचं, तो आता थेट सांगाड्यात जातो. चाळीस वर्षं जुन्या गाडीत आर्म जिथे बसतो तिथला पत्रा आतून गंजलेला असू शकतो. बुश स्वतः झिजून त्या पत्र्याला वाचवत असतो. बुश बदलता येतो, तो पत्रा बदलायचा म्हणजे कापाकापी आणि वेल्डिंग.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रविवारी चक्कर मारायच्या गाडीला रबरच लावा. पीयूची हौस असेल तर अँटी-रोल बारच्या बुशपुरती ठेवा.

लेथवर नायलॉनचे बुश बनवून देतो असंही कोणी सांगेल. स्वस्त पडतं, मापात बसतं, पण नायलॉन जवळजवळ दबतच नाही. आर्मसाठी तो विचार सोडून द्या.

खरा फसवा माल वेगळाच आहे

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. भावनिक पोस्ट आपण सगळ्यांनीच टाकल्या. पण रोज धावणाऱ्या टॅक्सींना पार्ट लागायचे, म्हणून माल फिरत राहायचा. ते मोठं गिऱ्हाईक आता गेलं. मग कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की दिल्लीचं कश्मीरी गेट, तुमच्या हातात येणारा बुश कधी बनला हे विचारणं भाग आहे.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांना कंपनीच्या जुन्या खोक्यातला पॅकबंद पार्ट म्हणजे सोनं वाटतं. गिअर किंवा काचेसाठी ते खरंही आहे. रबरासाठी नाही. रबर खोक्यातही म्हातारं होतं. रबरी वस्तूंच्या साठवणुकीसाठी आयएसओ २२३० नावाचं मानक आहे, त्यात नैसर्गिक रबराचा सुरुवातीचा साठवण काळ ५ वर्षं धरलाय, आणि तोही थंड, अंधाऱ्या जागी ठेवलं तर. पंचवीस वर्षं दुकानाच्या माळ्यावर पडलेला बुश कितीही 'ओरिजिनल' असला तरी उपयोगाचा नाही. आमचा पहिला सेट असाच होता, शिक्का बघूनच आम्ही खूश झालो होतो.

घेताना रबरावर नख दाबा, खूण भरून यायला हवी. बुश जमेल तेवढा वाकवून उजेडात धरा, बारीक भेगा दिसल्या तर परत करा. जिथे रबर नळीला चिकटलंय तिथे फट नको. आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लांब हवी, कारण बोल्ट तिलाच आवळतो. आणि माप जुन्या दबलेल्या बुशचं नाही, आर्मच्या भोकाचं घ्या, व्हर्निअरने. नवा बुश हाताने सहज आत गेला तर तो ढिला आहे. पत्र्याची पट्टी घालून घट्ट करणं हा इलाज नाही. परदेशातून फियाट ११०० चे पार्ट मागवणार असाल तरी हेच माप आधी जुळवा.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. रबर पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, आणि त्याच अवस्थेत मिस्त्रीने आर्मचे बोल्ट फुल टाइट केले, तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की बुश उभ्या-उभ्या कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसवायची आणि मग पूर्ण आवळायचे. आमच्याकडे हेही चुकलं होतं. दुसऱ्या वेळी बाबा स्वतः गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले. बुश दाबून बसवताना साबणाचं पाणी लावलं की पुरतं.

हे काम यूट्यूब बघून घरी करू नका. पद्मिनीची पुढची कॉइल स्प्रिंग दबलेली असते, आर्म चुकीचा सुटला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. अ‍ॅम्बेसेडरच्या टॉर्शन बारमध्येही तसाच ताण साठलेला असतो. स्प्रिंग दाबायचं अवजार आहे का, गाडीखाली स्टँड लावणार का, हे गॅरेजमध्ये आधी विचारा. दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदला, नंतर अलाइनमेंट करून घ्या आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर बोल्ट परत तपासा, तेही गाडी चाकांवर उभी असतानाच.